प्रकाशतंतूची वाट : पेढीपर्यंत आणि घरापर्यंत



आपल्या स्मरणिकेत दरसाल एखादा अभ्यासपर लेख असावा असा प्रघात आहे. यंदा संपादक मंडळाने प्रकाशतंतूचा, म्हणजे ज्यास सर्वजण ‘फायबर’ म्हणतात त्याचा, विषय माझ्याकडे सोपविला तेव्हा काही सभासदांस नवल वाटले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने या शास्त्रात का शिरावे, असा त्यांचा प्रश्न होता. माझे उत्तर साधे आहे. ज्या वस्तूचे भाडे आपण दरमहा भरतो, जिच्यावाचून आपला माल गोदामाबाहेर पडत नाही, ती वस्तू कशी चालते हे ठाऊक नसणे व्यापाऱ्यास शोभत नाही.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालास ई-वे बिल लागू झाले व आमच्या कर्नाटकात राज्यांतर्गत वाहतुकीसही त्याच दिवसापासून लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीच्या पेढ्यांस ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. पूर्वी दिवाणजी कीर्द-खतावणी लिहून झाल्यावर दिवा मालवीत. आता तोलाईची चिठ्ठी होताच संगणकासमोर बसावे लागते. दोन वर्षांपूर्वी ऐन सुगीत आमच्या गल्लीतील खांबावरची तार एका ट्रकच्या ताडपत्रीत अडकून तुटली. ती जोडण्यास पुरवठादाराने चार दिवस लावले. मोबाईलवर काम भागविले हे खरे. परंतु दगडी गोदामात मोबाईलचा संदेश नीट पोहोचत नाही, म्हणून दिवाणजी रस्त्यावर उभे राहून बिले करीत होते आणि हमाल गाडी भरून खोळंबले होते. तेव्हापासून मी या विषयाची चौकशी आरंभिली.

आता प्रथम तंतूकडे वळू. हा तंतू अत्यंत शुद्ध काचेचा असतो. बाहेरील काचेसह त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्याच्या मधला गाभा, ज्यातून प्रकाश जातो, तो अवघा सुमारे ९ मायक्रॉनांचा. गाभ्याची काच आणि भोवतालची काच यांच्या घडणीत किंचित फरक ठेवलेला असतो. त्यामुळे तिरपा जाणारा किरण कडेवर आपटला की बाहेर न पडता आत परततो. पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश धारेबरोबरच वळतो, हे एकोणिसाव्या शतकातच कोलाडॉन व टिंडल या शास्त्रज्ञांनी दाखविले होते. आपल्या पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोहोचविले व १९५४ साली ते ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

परंतु चित्र हातभर अंतरावर पोहोचविणे वेगळे आणि कोसभर पोहोचविणे वेगळे. येथे जो अडथळा होता तो धान्याच्या व्यापाऱ्यास इतर कोणाहूनही लवकर समजेल, कारण त्याचे नाव घट. गाडीत शंभर किलो भरले व उतरताना अठ्ठ्याण्णव भरले तर आपण कारण शोधतो : ओल सुकली, पोते फाटले, की काट्यात खोट आहे? काचेत प्रकाशाची अशीच घट होते व ती डेसिबल या मापाने मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे निम्मा प्रकाश उरला. दहा म्हणजे दहावा हिस्सा. वीस म्हणजे शंभरावा. १९६० च्या सुमारास उपलब्ध असलेल्या काचेत दर मीटरला साधारण एक डेसिबल घट होती. म्हणजे एक क्विंटल गहू पाठवावा आणि वीस मीटरवर एक किलो उतरावा, असा तो धंदा होता.

१९६६ साली चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडात असे मांडले की हा दोष काचेचा नसून काचेतील अशुद्ध कणांचा आहे, आणि घट किलोमीटरला वीस डेसिबलवर आणता आली तर दूरध्वनीचे काम या तंतूतून होईल. पुष्कळांना ते अशक्य वाटले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक व शुल्झ यांनी सतरा डेसिबलचा तंतू काढून दाखविला. आज उत्तम तंतूत किलोमीटरला सुमारे ०·२ डेसिबल, म्हणजे शेकडा साडेचार इतकीच घट येते. काव यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच घटीच्या हिशेबाकरिता असे म्हणावयास हरकत नाही.

आता हा प्रकाश पेठेतील प्रत्येक घरी कसा वाटला जातो ते पाहू; ग्राहकाच्या उपयोगाची खरी माहिती येथेच आहे. पुरवठादाराच्या कचेरीतून एक तंतू निघतो व गल्लीच्या तोंडाशी एका लहान पेटीत येतो. त्या पेटीत स्प्लिटर नावाचा विभाजक असतो. तो एका प्रकाशाचे बत्तीस किंवा चौसष्ट वाटे करतो. त्यास वीज लागत नाही व त्यात कोणतेही यंत्र फिरत नाही. जाणारा संदेश सर्व घरांना सारखाच पोहोचतो, मात्र तो कुलूपबंद असतो व ज्याची किल्ली त्याच्याच घरातील यंत्रास उघडतो. येणारा संदेश वेगळ्या रीतीने चालतो. एकच तंतू व पाठविणारे बत्तीस, तेव्हा प्रत्येकास पाळी नेमून दिलेली असते. वजनकाट्यावर एका वेळी एकच गाडी चढते, दुसरी मागे थांबते, तसेच हे. फरक इतकाच की येथील पाळी सेकंदाच्या अत्यल्प अंशाची असते म्हणून थांबल्याचे कोणास जाणवत नाही.

जी-पॉन या रूढ पद्धतीत घरांकडे जाणारा एकूण ओघ सेकंदास सुमारे अडीच हजार मेगाबिट असतो. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे अठ्ठ्याहत्तर मेगाबिट येतात. व्यवहारात सर्वजण एकदम मागत नाहीत म्हणून पुरवठादार तीनशेचेही वचन देतो, आणि ते बहुधा पुरेही होते. तथापि ‘पर्यंत’ हा शब्द जाहिरातीत बारीक टाइपात का असतो हे यावरून कळावे. करार करताना एका तंतूवर किती घरे जोडली आहेत, हे अवश्य विचारावे. विक्रेत्यास ठाऊक नसेल तर ज्यास ठाऊक असेल त्यास बोलावून घ्यावे.

आणखी एक गोष्ट मापाची. वेग मेगाबिटात सांगतात आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटात. आपल्या जुन्या मापांत चार शेरांची पायली होत असे, तशी आठ बिटांची बाइट होते. शंभर मेगाबिटांची जोडणी म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट. ‘ब्रॉडबँड’ या शब्दाचे मापही सरकारने वेळोवेळी बदलले आहे : २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटांस ब्रॉडबँड म्हणत, २०२३ साली ती मर्यादा दोन मेगाबिट झाली. यावरून केवळ नावावर माल घेऊ नये हे सुज्ञांस सांगणे नलगे.

आता खर्चाकडे येतो. काच महाग नाही. महाग आहे ती खोदाई. रस्ता उकरणे, परवाना काढणे, पुन्हा भरणे यांतच खर्चाचा मोठा वाटा जातो. म्हणूनच ज्या वस्तीत गिऱ्हाईक विरळ तेथे कंपन्या जात नाहीत, आणि ज्या गल्लीत एक कंपनी शिरली तेथे दुसरी सहसा येत नाही. मग एकाच दुकानाच्या गावात भावाचे जे होते तेच तेथे होते.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात लून नदीच्या खोऱ्यातील खेड्यांची हीच अडचण होती. तेथे २०११ साली ग्रामस्थांनी ‘बी-फोर-आर-एन’ नावाची लोकहितार्थ संस्था काढली. लँकेस्टर विद्यापीठात संगणकजाळ्यांचे काम केलेले बॅरी फोर्ड व शेतकरी कुटुंबातील क्रिस काँडर हे तिच्या अग्रभागी होते. भांडवल गावकऱ्यांनीच भाग घेऊन उभारले. शेतमालकांनी आपल्या शिवारातून पाइप नेण्यास मोबदला न घेता वाट दिली. पुष्कळांनी स्वतः चर खणले व त्या श्रमाचे मोल भागांच्या रूपाने घेतले. रस्ता खणण्यास जो अवाढव्य खर्च लागला असता तो शेताच्या बांधाकडेने गेल्याने वाचला. आरंभी महिना तीस पौंडांत येता-जाता दोन्हीकडे एक हजार मेगाबिटांची जोडणी त्यांनी दिली. ती त्या काळी इंग्लंडच्या मोठ्या शहरांतही घरोघर मिळत नव्हती. आज त्यांच्या जाळ्यावर हजारो घरे आहेत. स्वीडनमधील स्टॉकहोम नगरपालिकेने निराळी रीत धरली. तिने १९९४ साली स्वतःच्या मालकीची ‘स्टोकॅब’ कंपनी काढून नगरात तंतू पसरले, आणि ते सर्व पुरवठादारांस सारख्या अटींवर भाड्याने दिले. नगरपालिका इंटरनेट विकत नाही, केवळ वाट भाड्याने देते. आपल्या बाजार समितीचे आवार सर्वांचे व दुकाने ज्याची त्याची, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या देशात इंटरनेट पुरविण्यास सरकारी परवाना लागतो, तेव्हा लँकेशायरची नक्कल तशीच्या तशी करता येणार नाही. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली व पुढे तिचे नाव भारतनेट झाले. परंतु पेठेतील गल्ली हा तिचा विषय नव्हे. आपल्या हाती एवढेच आहे, आणि ते थोडे नाही : वाट आपली ठेवावी. आमच्या गल्लीचा रस्ता गेल्या काही वर्षांत तीनदा उकरला गेला, एकदा गटारासाठी व दोनदा नळासाठी. त्यांपैकी एका वेळी जरी दोन रिकामे पाइप मातीखाली घातले असते तरी आज खांबावर तारांची जाळी लोंबकळली नसती. पुढील वेळी रस्ता उघडेल तेव्हा पालिकेच्या अनुमतीने असे पाइप घालून त्यांची मालकी गल्लीच्या मंडळाकडे किंवा संघाकडे ठेवावी आणि जो परवानाधारक येईल त्यास एकाच दराने आत येऊ द्यावे, अशी माझी सूचना आहे.

यावर आपल्या सभेत दोन आक्षेप निघाले. संघाने व्यापार पाहावा, खोदाई पाहू नये, हा पहिला. त्यास मी इतकेच म्हणेन की धर्मकाटा व हमालांचे विश्रांतिगृह हेही व्यापार नव्हेत, तरी व्यापारी संघ ती कामे अंगावर घेतातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एका इमारतमालकाने एकाच पुरवठादाराशी करार करून आपल्या भाडेकरूंस इतरांची जोडणी घेण्यास मनाई केली आहे, मग गल्लीत पाइप घालून काय लाभ? हा आक्षेप खरा आहे. इमारतीच्या आतील वाट मालकाच्या हाती असते व तेथे मन वळविण्याखेरीज तूर्त उपाय दिसत नाही. टेलिकॉम नियामक प्राधिकरणाने २०२४ साली इमारतींस त्यांच्या दूरसंचार सोयींवरून श्रेणी देण्याचे विनियम केले आहेत. अशी श्रेणी पाहून भाडेकरू जागा निवडू लागतील तेव्हा मालकांचेही मत पालटेल, असा माझा तर्क आहे. आज भाडेकरूंत बहुतांश लहान किरकोळ व्यापारी आहेत. त्यांच्याने दुप्पट भाडे झेपत नाही, आणि पेठ सोडून जाणारे प्रथम तेच असतात.

शेवटी काही व्यावहारिक गोष्टी. तंतू तीव्र कोनात वाकविल्यास प्रकाश कडेतून निसटतो, म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात खिळा ठोकून तो आवळू देऊ नये. तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे विजांच्या दिवसांत तांब्याच्या तारेपेक्षा तो निर्धोक. परंतु घरातील यंत्रास वीज लागते, तेव्हा इन्व्हर्टरची एक जोडणी तिकडे द्यावी. कूपनलिका किंवा पाया खणण्यापूर्वी, मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या सुविधेवर सूचना द्यावी. रिकामा पाइप घालताना आत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी, म्हणजे पुढे तंतू ओढणे सोपे जाते, आणि दोन्ही तोंडे घट्ट बुचाने बंद करावीत. धान्याच्या पेठेत हे विशेष अगत्याचे आहे. उंदरास दाण्याचा व केबलच्या वेष्टनाचा भेद कळत नाही, आणि गोदामाच्या भिंतीलगत जाणारी केबल पोलादी कवचाचीच मागावी.