प्रतीक्षास्थळी कविता : एक उपयुक्त उपक्रम

एस. टी. स्थानक, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कचेरी, स्वस्त धान्याचे दुकान ही सामान्य नागरिकाच्या नित्य संबंधातील ठिकाणे होत. काम लहान असले तरी तेथे काही काळ थांबावे लागतेच. या वेळात त्याच्या दृष्टीस पडतात त्या सूचना, नियम आणि जाहिराती. त्यांची आवश्यकता नाकारता येणार नाही. परंतु यांतील प्रत्येक मजकूर नागरिकाकडून काहीतरी मागत असतो. काहीही न मागता त्याच्याशी बोलणारी छोटी कविता अशा ठिकाणी लावण्याचे प्रयत्न अन्य देशांत झाले असून त्यांचा अभ्यास आपल्याकडील कार्यकर्त्यांना उद्बोधक ठरेल.

लंडनचा प्रयोग

जानेवारी १९८६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत ‘पोएम्स ऑन द अंडरग्राउंड’ हा उपक्रम सुरू झाला. लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन लेखिका ज्युडिथ चेर्नेक यांची ही कल्पना होती. जेरार्ड बेन्सन आणि सिसिली हर्बर्ट या कवींनी त्यांना साथ दिली. डब्यांतील जाहिरातींच्या चौकटींपैकी काही चौकटींत कविता झळकू लागल्या. पहिल्याच संचात एकोणिसाव्या शतकातील शेली, समकालीन आयरिश कवी शेमस हीनी आणि गयानात जन्मलेल्या कवयित्री ग्रेस निकोल्स यांना शेजारी शेजारी स्थान मिळाले. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली अशाच स्वरूपाचा ‘पोएट्री इन मोशन’ हा उपक्रम सुरू झाला. ब्रिटनमध्ये व पुढे न्यूझीलंडमध्ये दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत कवितांची छोटी घडीपत्रके ठेवण्यात आली. रुग्णाने ती विनामूल्य घरी न्यावीत, अशी त्यामागील योजना होती.

या उपक्रमांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. कविता लहान, पण पूर्ण असावी. दोन स्थानकांमधील अवधीत ती वाचून व्हावी. तिच्याखाली कवीचे नाव असावे, म्हणजे आवडलेल्या कवीचे पुस्तक शोधता येते. तसेच कविता ठरावीक काळाने बदलावी. तीच ती पाटी लोकांना दिसेनाशी होते.

उपदेश नव्हे, सोबत

आपल्याकडे शाळेच्या प्रवेशद्वारी फळ्यावर सुविचार लिहिण्याची प्रथा जुनी आहे. कवितेचे कार्य मात्र वेगळे आहे. सुविचार शिकवण देतो. कविता सोबत करते. आजारी मूल मांडीवर घेऊन आरोग्य केंद्रात बसलेल्या मातेला त्या घटकेस उपदेशाची गरज नसते. योजनेच्या प्रचारासाठी जुळविलेली यमके कवितेच्या जागी लावल्यास ती आणखी एक सूचनाच ठरेल आणि उपक्रमाचा हेतू विफल होईल. त्याचप्रमाणे, भिंतीवरील कविता ही विलंबाची भरपाई नव्हे. रांग कमी करणे हे कार्यालयाचे कर्तव्यच राहते. उरलेला वेळ सुसह्य करणे एवढेच कवितेचे काम.

निवड आणि मांडणी

ओवी व अभंग यांसारख्या आटोपशीर रचनांचा मोठा वारसा मराठीला लाभला आहे. निरक्षरतेचा प्रश्नही येथे आड येऊ नये. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या समाजात वाचू न शकणारी स्त्री श्रेष्ठ कवयित्री होऊ शकली, तेथे वाचू न शकणाऱ्यांस कवितेपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. लसीकरणाच्या दिवशी अथवा ग्रामसभा सुरू होण्यापूर्वी शाळेतील एखाद्या विद्यार्थ्याने फळ्यावरील कविता मोठ्याने वाचून दाखविल्यास ती सर्वांपर्यंत पोहोचेल.

उपक्रमास मोठा निधी लागत नाही. एक फळा, सुवाच्य व ठळक अक्षर आणि बाकावरून दिसेल अशी जागा पुरेशी आहे. निवडीचे काम शाळेतील भाषाशिक्षक व गावच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल यांच्याकडे सोपविता येईल. बोलीभाषेतील रचनांना त्यात आवर्जून स्थान असावे.

स्वामित्वहक्काकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. १९५७ च्या कायद्यानुसार कवीच्या हयातीत आणि सामान्यतः त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. त्यामुळे केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८) किंवा बा. सी. मर्ढेकर (१९५६) यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता आज मुक्तपणे घेता येतात. कुसुमाग्रजांच्या (१९९९) किंवा हयात कवींच्या कवितांसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी घेणे इष्ट होय.

शासकीय कार्यालयाच्या भिंतीवर नागरिकाने काय करावे व काय करू नये हे लिहिलेले असतेच. त्याच भिंतीवरील एक चौकट कवितेसाठी राखून ठेवणे म्हणजे समोर थांबलेली व्यक्ती केवळ अर्जदार, रुग्ण वा प्रवासी नसून मन असलेला माणूस आहे, याची नोंद घेणे होय. ग्रामपंचायतींनी व शाळांनी आपापल्या गावी एका फळ्यापासून आरंभ करावयास हरकत नाही.