मध, मेपल आणि कस्टम्सचा कोड : लेबल नव्हे, माल पाहा

परदेशातून खाद्यपदार्थ मागवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचा माल बंदरात अडकतो, तेव्हा माल खराब असतो असे नाही. पुष्कळदा कागदावरचा कोड चुकलेला असतो. कोड चुकला की शुल्काचा दर बदलतो, नमुना तपासणीला जातो, गोदामाचे भाडे चढते आणि नफा तिथेच संपतो. म्हणून मध आणि मेपल या दोन गोड वस्तू समोर ठेवून हा कोड कसा ठरतो, ते आम्ही आज सांगणार आहोत.

कोड म्हणजे काय?

जगातील बहुतेक देश मालाची वर्गवारी 'हार्मोनाइज्ड सिस्टीम' या एकाच पद्धतीने करतात. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार आकडे शीर्षकाचे, सहा आकडे उपशीर्षकाचे. हे सहा आकडे सर्वत्र सारखे असतात. आपल्या देशात त्यापुढे आणखी दोन जोडून आठ आकड्यांचा कोड होतो. पहिला नियम असा की, वर्गवारी शीर्षकाच्या शब्दांवरून आणि प्रकरणाच्या टिपांवरून ठरते. बाटलीवर काय छापले आहे, यावरून नव्हे.

मध : एक शब्द, तीन जागा

नैसर्गिक मधाचे शीर्षक ०४०९. हे प्रकरण दूध, अंडी अशा प्राणिज पदार्थांचे आहे. मध पोळ्यासह असो वा गाळलेला, तो इथेच येतो. अट एकच : त्यात साखर किंवा दुसरे काहीही मिसळलेले नसावे.

साखरेचा पाक मधासारखा दिसावा म्हणून तयार केला असेल, तर तो कृत्रिम मध. त्याची जागा साखरेच्या प्रकरणात, शीर्षक १७०२ मध्ये. त्यात थोडा खरा मध घातला म्हणून तो ०४०९ मध्ये जात नाही. शीर्षकातच 'नैसर्गिक मध मिसळलेला असो वा नसो' असे म्हटले आहे.

तिसरी जागा २१०६, म्हणजे इतरत्र न येणारे तयार खाद्यपदार्थ. मधात रॉयल जेली घातली की तो माल इथे येतो. रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडसारख्या बाजारांत परदेशी मधाला मागणी वाढते. तो मागवताना बरणीत फक्त मध आहे की आणखी काही, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

मेपल : झाडाचा रस

मेपल हे उत्तर अमेरिकेतील झाड. जगातील बहुतेक मेपल पाक कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होतो. आपल्याकडे नीरा उकळून ताडगूळ करतात, तसाच तिथे झाडाचा रस आटवतात. सुमारे ४० लिटर रसापासून १ लिटर पाक मिळतो. दिसायला तो मधासारखा, पण मधमाशीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून मेपल साखर आणि मेपल पाक १७०२२० या उपशीर्षकात येतात.

आता समजा, दुकानदाराने स्वस्त म्हणून 'मेपल फ्लेवर'चा पाक मागवला. त्यात मक्याचा पाक, रंग आणि सुगंध आहे. रंग किंवा सुगंध घातलेले पाक १७०२ मध्ये बसत नाहीत. ते २१०६ मध्ये जातात. लेबलावर मेपलच्या पानाचे चित्र असले तरी फरक पडत नाही. मेपलची मिठाई म्हणून बांधलेल्या गोळ्या १७०४ मध्ये आणि चॉकलेटमध्ये घातलेले मेपल १८०६ मध्ये पाहावे.

चुकीची किंमत

अमेरिकेने २००१ मध्ये चिनी मधावर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. त्यानंतर काहींनी मधाला तांदळाचा पाक किंवा दुसऱ्या देशाचा मध असे नाव देऊन तो आत आणला. पुढे त्यांच्यावर फौजदारी खटले झाले. चूक आणि लबाडी यांत फरक आहे, पण चौकशी सुरू झाली की दोघांनाही उत्तर द्यावेच लागते. आपल्याकडे २०११ पासून शुल्काचा हिशोब प्रथम आयातदारानेच करायचा असतो. 'एजंटने कोड भरला' हे उत्तर चालत नाही.

व्यापारी बंधूंनी काय करावे?

१) ऑर्डर देण्यापूर्वीच घटकांची यादी टक्केवारीसह आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागवावा.
२) बीजकावर नुसते 'हनी' किंवा 'सिरप' न लिहवता पूर्ण वर्णन लिहवून घ्यावे.
३) कोड ठरवताना आधी शीर्षकाचे शब्द वाचावे, मग दर पाहावा. कमी दर पाहून कोड निवडू नये.
४) शंका असेल तर माल निघण्यापूर्वी सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ते मुंबई आणि दिल्ली येथे आहे.
५) दर अर्थसंकल्पात बदलतात. प्रत्येक खेपेला ताजा तक्ता पाहावा.

ग्राहकाला बरणीत काय आहे ते खरे सांगणे हा व्यापाराचा पाया आहे. कस्टम्सचा कोडही तेच विचारतो : बरणीत नक्की काय आहे? याचे उत्तर ज्याच्याकडे कागदानिशी तयार आहे, त्याला बंदरावर घाबरण्याचे कारण नाही.