बाळाचा रक्तगट आणि घरातला संशय

बाळंतीण घरी येते, सोबत दवाखान्याचा कागद येतो. आई ए, वडील बी आणि बाळ ओ. मग कुजबुज सुरू होते, हा गट आला कुठून? पनवेलच्या वस्त्यांतून फिरताना हा प्रश्न आमच्याही कानावर येतो.

या कुजबुजीला आधार नाही. रक्तगटाचे दोन अंश असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ए आणि बी गटाच्या माणसांत ओ चा अंश लपलेला असू शकतो. दोघांकडून तोच आला की बाळ ओ. एबी गटाच्या वडिलांचे मूल ओ निघाले, तर आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी. शिवाय १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतो. आणि मुलाचा रंग सावळा की गोरा, यावरून तर काहीच ठरत नाही.

खरी तपासणी डीएनएची. डीएनएमध्ये काही जागी एक छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा येतो. किती वेळा, हे माणसागणिक बदलते. समजा एका जागी बाळाचे आकडे १२ आणि १५, आईचे १२ आणि १४. म्हणजे १५ वडिलांकडूनच आला पाहिजे. अशा पंधरा-वीस जागा पाहतात. एखाद्याच जागी फरक पडला तर तो निसर्गतःही असू शकतो. अनेक जागी पडला तर तो पुरुष बाप नव्हे. गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुनाही पुरतो.

पण संशय आला म्हणून ही तपासणी कोणावर लादता येत नाही. लग्न टिकून असताना झालेले मूल कायदा नवऱ्याचेच मानतो. पुण्याच्या एका जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले, की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए तपासणी सरसकट करायची नाही. त्याआधी २०१४ च्या विदर्भातील खटल्यात तपासणी झालेली होती, नागपूरला आणि नंतर हैदराबादला. दोन्ही अहवाल नवऱ्याच्या बाजूने आले आणि न्यायालयाने ते मानले. मात्र आधी दिलेली पोटगी परत घेऊ दिली नाही.

लग्नाचे वचन देऊन मूल नाकारणाऱ्याविरुद्ध हीच तपासणी बाईच्या कामी येते. लग्न झालेले नसले तरी मुलाला बापाकडून पोटगी मागता येते. खासगी प्रयोगशाळेत पैसे घालवण्याआधी विधी सेवा समितीत जा. बाईला वकील फुकट मिळतो, फोन १५१००.