ॲपवरील कामगार आणि बांधिलकीचा प्रश्न

घरोघरी जेवण पोहोचविणारा तरुण किंवा प्रवाशांची ने-आण करणारा चालक आज मोबाईलवरील ॲपद्वारे काम मिळवितो. निती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा कामगारांची संख्या ७७ लाख होती. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा आयोगाचा अंदाज आहे. या कामगारास नेमणूकपत्र नाही, मुकादम नाही, कारखान्याचा भोंगा नाही. मग तो एखाद्या कंपनीशी बांधून का राहतो?

जॉन मायर व नॅटली ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. पहिली आपलेपणातून येते, दुसरी काम सोडल्यास होणाऱ्या नुकसानीच्या विचारातून आणि तिसरी कर्तव्यभावनेतून. ॲपवरील कामगाराच्या बाबतीत दुसरा प्रकार सहज प्रबळ होतो. दुचाकीचे हप्ते फेडावयाचे असतात. ग्राहकांनी दिलेले गुण दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाहीत. तो टिकून राहतो. परंतु टिकणे म्हणजे आपलेपणा नव्हे.

आपल्या श्रमाची कदर होते व हिताची काळजी घेतली जाते, अशी खात्री पटल्यावरच आपलेपणा निर्माण होतो. मोबदला कसा ठरतो हे कळावे, तक्रार माणसाने ऐकावी, कारण न सांगता काम बंद होऊ नये आणि अपघातात मदत मिळावी, एवढीच ही अपेक्षा आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. माथाडी कामगारांचाही मालक रोज बदलत असे. १९६९ च्या कायद्याने मंडळे स्थापन झाली. कामगार व मालक या दोघांची नोंदणी होऊन मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय साहाय्य यांची व्यवस्था मंडळामार्फत होऊ लागली. मालक बदलला तरी आधार कायम राहिला.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तीत ॲपवरील कामगारांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची तरतूद आहे. मात्र, नोंद नसलेल्या कामगारापर्यंत लाभ पोहोचणे कठीण. म्हणून गावातून शहरात या कामासाठी गेलेल्या तरुणांची ई-श्रम नोंदणी झाली आहे काय, याची विचारपूस पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी अवश्य करावी.