सावकार दारात आणि घरात एक बुधली

आजचे वाचन : २ राजे ४:१–७

उतारा छोटा आहे, सातच वचने. संदेष्ट्यांच्या मंडळीतल्या एका शिष्याची विधवा अलीशाकडे येते. नवरा गेला, कर्ज राहिलं, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे इब्री दासाला सहा वर्षं राबवून सातव्या वर्षी सोडायचं होतं. म्हणजे मुलं कायमची जाणार नव्हती, पण त्यांच्या उमेदीची सहा वर्षं जाणार होती.

एक गोष्ट मला इथे नेहमी दिलासा देते. तो नवरा देवाला भिऊन वागणारा होता, असं बाई स्वतः सांगते, आणि अलीशा ते खोडत नाही. देवभीरू माणसाच्या डोक्यावरही कर्ज असू शकतं. कर्ज का काढलं, कशाला काढलं, असा एकही प्रश्न संदेष्टा विचारत नाही. तो विचारतो, घरात काय आहे?

ती म्हणते, काही नाही, तेलाचं एक भांडं तेवढं आहे.

या उताऱ्यावर आपण बहुतेक वेळा चमत्कार ऐकतो. शेजारची रिकामी भांडी, न संपणारं तेल. ते आहेच. पण मी या वेळी त्या पहिल्या भांड्यापाशी अडकले. आपल्याकडे पूर्वी तेलाची बुधली असायची, तशी काहीशी मी मनात धरते. सावकार दाराशी आला तरी ती बुधली घरात होती. बाईने ती मुद्दाम राखली होती का, हे वचनात लिहिलेलं नाही. पण व्याजापोटी तीही देऊन टाकली असती, तर ओतायला काय उरलं असतं?

हा प्रश्न मला पुस्तकातून नाही, आमच्या मंगळवारच्या प्रार्थनेनंतर पडला. चिखलीकडची एक बहीण येते. दोन म्हशी, पंधरा गुंठे ऊस. दिवाळीच्या आधी दूध संस्थेतून दरफरकाचे १२,००० रुपये हातात आलेले. तिने मला विचारलं, "ताई, सगळं गटात भरून टाकू का? डोक्यावरनं एक तरी ओझं उतरंल." गटाचं कर्ज २०,०००, महिना दोन टक्के. शिवाय मायक्रोफायनान्सचा हप्ता आणि सेवा सोसायटीचं पीक कर्ज. मागल्या पावसाळ्यात म्हैस आजारी पडली तेव्हा हातात काहीच नव्हतं, म्हणून एकाकडून दहा टक्क्यांनी पैसे उचललेले. दहा टक्के वर्षाला नव्हे, महिन्याला. ते फेडताना मुलाची बारावी थांबवून त्याला शिरोलीच्या फौंड्रीत लावायची बोलणी घरात चालली होती. सावकार मुलगा न्यायला येतो तो असा. दार वाजवत येत नाही, घरातलेच लोक जेवताना विषय काढतात.

मी गटाचे हिशेब लिहिते, म्हणून तिच्याबरोबर कागदावर मांडून पाहिलं. पूर्ण १२,००० गटात भरले तर महिन्याला २४० रुपये व्याज वाचतं. ६,००० भरले आणि ६,००० बाजूला ठेवले तर वाचतात १२० रुपये. म्हणजे ६,००० अंगाशी ठेवायची किंमत महिना १२० रुपये. पोस्टाच्या बचत खात्यात ४ टक्के वर्षाला, म्हणजे त्यातले २० रुपये परत येतात. उरली शंभरची नोट.

आता दुसरी बाजू. अडचण आली आणि तेच ६,००० दहा टक्क्यांनी उचलले, तर एका महिन्याचं व्याज ६०० रुपये. बुधली सहा महिने राखायला जेवढा खर्च, तेवढा इथे एका महिन्यात. आणि पहिल्याच महिन्यात असलं कर्ज कुणी फेडलेलं मी तरी पाहिलं नाही.

कुणी म्हणेल, गटात भरले तरी गरज पडली की गटातूनच परत उचलता येतात की. येतात. पण गट महिन्यातून एकदा बसतो, तेव्हा शिल्लक असली पाहिजे आणि आपला नंबर लागला पाहिजे. रात्री अडलेली म्हैस गटाच्या तारखेपर्यंत थांबत नाही.

कर्ज आहे तोवर बचत करायची नाही, असं आपल्याकडे पुष्कळ जण प्रामाणिकपणे मानतात. दुसऱ्याचं देणं असताना आपल्याकडे पैसा ठेवणं त्यांना खोटेपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. सातव्या वचनात अलीशा सांगतो ते एकाच दमात आहे: तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा. कर्ज फेडायचंच आहे, त्यात सूट नाही. पण फेडल्यावर माणसाने जगायचंही आहे. ज्या फेडीनंतर पुढच्याच आठवड्यात नवीन कर्ज काढावं लागतं, ती फेड कसली? सावकार बदलला एवढंच.

तरी बुधली ही बुधलीच असावी, रांजण नको. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा असं हल्ली सगळीकडे सांगतात. ज्याच्या डोक्यावर दोन टक्के महिन्याचं कर्ज आहे त्याने आत्ताच एवढं साठवायला घेतलं, तर ती शंभरची नोट हजाराच्या घरात जाईल आणि कर्ज हलणार नाही. आधी ५,००० ते १०,०००, किंवा घरचा एक महिन्याचा खर्च. महाग कर्ज सरलं की मग मोठं भांडं. योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला, ती गोष्ट फार थोर आहे, पण ती कर्जात बुडालेल्याला ऐकवू नये. त्याची सात वर्षं अजून यायची आहेत.

सगळी कर्जंही सारखी नसतात. सोसायटीचं ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत धरून शेतकऱ्याला व्याज पडतच नाही. ते आधी फेडायची घाई नको, मात्र तारीख चुकवू नका, सवलत जाते. आणि तारीख चुकते ती बहुधा आळसाने नाही. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा कायदा आहे, पण ते कधी आणि किती तुकड्यांत येईल हे आपल्या हातात नसतं. तिथेही बुधलीच उपयोगी पडते. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नये, हाही त्याच नियमात. कर्ज द्यायला माणूस दारात आला की हे आठवावं. आणि परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते.

ठेवायचं कुठे? भिशीत नको, भिशी आपल्या नंबराला मिळते, अडचणीला नाही. दागिन्यात नको, गुजरीत पुन्हा गहाण टाकताना व्याज सुरूच होतं. एखादी पतसंस्था जास्त व्याज देते म्हणून तिकडेही नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पोस्ट किंवा बँकेचं साधं बचत खातं पुरे. हजार-दीड हजार मात्र रोख, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, महामार्ग बंद पडला, तेव्हा खात्यातले पैसे खात्यातच राहिले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

दवाखान्याचं मोठं बिल या पैशात भागणार नाही, त्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि आधार, आधीच जागेवर ठेवा. बुधली आहे ती रिक्षाला, तपासण्यांना, सोबत थांबणाऱ्याच्या जेवणाला आणि बुडालेल्या रोजगाराला. आहेर, नाताळचे कपडे, नवा मोबाइल, यांना नाही. यांची तारीख आधी माहीत असते, मग ती अडचण कशी? आणि खर्च झालं तर पुढच्या बिलातून आधी ते भरून काढायचं, जादा फेड नंतर.

उताऱ्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. अलीशा तिला शेजाऱ्यांकडून भांडी मागायला सांगतो, थोडकी नको म्हणतो, आणि मग म्हणतो, दार लावून घे. भांडी मागताना सगळ्या आळीत जायचं, पण तेल ओतताना आत फक्त ती आणि मुलं. आपल्याकडे पैसे आहेत असं कळलं की हातउसने मागणाऱ्यांची रांग लागते, आणि त्यात वाईट माणूस कुणी नसतो, सगळे आपलेच. त्यांना नाही म्हणणं कठीण. दार लावणं त्यामानाने सोपं.

त्या बहिणीने ६,००० गटात भरले, ५,००० पोस्टात, १,००० घरात. दूध बिल दर दहा दिवसांनी येतं, प्रत्येक बिलातले २०० पोस्टात टाकायचे ठरलंय, १०,००० होईपर्यंत. पोरगा बारावीला जातोय. पासबुक तिने तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे. नवऱ्याला ठाऊक आहे, दिराला नाही.

उद्याचे वाचन : २ राजे ४:८–१७