श्रीकेदारनाथ यात्रा : प्रौढ भाविकांनी जनावर कसे निवडावे?

गौरीकुंडाहून श्रीकेदारनाथाचा पायी मार्ग सुमारे १६ किलोमीटरांचा असून धाम ३,५८३ मीटर उंचीवर आहे. या चढासाठी तट्टू ठरविताना बहुतेक भाविक त्याची उंची पाहतात. पाहावयास हवे ते वजन व बांधा. स्वार, खोगीर व सामान मिळून भार जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा. म्हणजे ३०० किलोंच्या तट्टावर ६० किलो, तेही खोगिरासह! ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टासाठी ७० किलो व खेचरासाठी २०० किलो कमाल मर्यादा आहे. परंतु खेचराचा हा आकडा वाचून स्थूल भाविकांनी निश्चिंत होऊ नये, खड्या चढावर पाचवा हिस्साच खरा.

मार्गावर जनावर तोलता येत नाही. म्हणून आखूड पाठ, रुंद कंबर व पायांच्या जाड नळ्या पाहून धिप्पाड खेचर मागावे. बसण्यापूर्वी खोगीर उचलावयास सांगून पाठीवर जखम नाही ना, हे अवश्य पाहावे. घोडेवाले कुरकुरतात, तरीही पाहावे. लंगडणारे जनावर नाकारावे. भार फारच अधिक असल्यास डोली करावी. परतताना उतारावर जनावराच्या पुढच्या पायांवर अधिक भार येतो, म्हणून तीव्र उतारावर शक्य असेल त्यांनी पायीच चालावे.