खाद्यात काटकसर कुठे करायची, कुठे नाही

सुमन, तुझी पहिली बॅच येतेय, म्हणून मनातलं सांगते. ब्रॉयलरच्या खर्चात शंभरातले ६५-७० रुपये खाद्यालाच जातात. म्हणून नवीन माणूस आधी स्वस्त खाद्य शोधतो. तू तसं करू नकोस गं.

पहिल्या आठवड्यात तर हात अजिबात आखडू नकोस. चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू सात दिवसांत चौपट व्हायला हवं, आणि तेव्हा मागे पडलेलं पिल्लू पुढे कितीही खाऊ घातलं तरी बरोबरीला येत नाही. पिल्लं आली की तुसावर कागद अंथरून प्रीस्टार्टर, म्हणजे सुरुवातीचं खाद्य, पसर. रात्री दहा-वीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचप. भरलेली नि मऊ लागली तर झोपायला जा. कडक लागली तर पाणी कमी पडतंय. रिकामी असेल तर पिल्लाला अजून खाद्य सापडलेलंच नाही, नाहीतर ब्रूडरची ऊब कमी पडतेय.

प्रीस्टार्टरमध्ये प्रथिनं साधारण २३ टक्के, स्टार्टरमध्ये २२, फिनिशरमध्ये २०. पक्षी वाढतो तशी त्याची प्रथिनांची गरज कमी होते, ऊर्जेची वाढते. म्हणजे महागडी सोयापेंड कमी, मका जास्त. खरी बचत इथे आहे. शेवटपर्यंत स्टार्टर घालणं म्हणजे पैसे उधळणं. पण घाईनं फिनिशर सुरू केलंस तर वाढ खुंटते. बदलताना दोन-तीन दिवस मिसळून दे.

आता सांडलवंड. हजार पक्षी, दोन किलो वजन, एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारं खाद्य) १.७ धरला तर ३४०० किलो खाद्य लागतं. तोच १.६ वर आला तर ३२००. पन्नास किलोच्या चार गोण्या वाचल्या! फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेव, एक-तृतीयांशच भर, आणि पक्षी वाढतील तसा वर ओढत जा. काठोकाठ भरलेल्या फीडरमधलं खाद्य चोचीनं उडून तुसात जातं, ते पुन्हा कामाचं राहत नाही.

मका स्वतः भरडणार असशील तर ओलसर माल फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. बुरशीचं विष यकृतावर जातं, वाढ थांबते, मरतूक वाढते. गोण्या फळ्यांवर रच, भिंतीला टेकवू नकोस.

उन्हाळ्यात भर दुपारी फीडर वर उचल. पहाटे आणि रात्री खाऊ दे, थंड पाणी मात्र कायम ठेव.

आणि विक्री लांबवू नकोस. मोठ्या पक्ष्याला प्रत्येक वाढीव किलोसाठी आधीपेक्षा जास्त खाद्य लागतं. उद्या भाव वाढेल या आशेवर थांबायचं असेल, तर त्या दिवसाचं खाद्य किती ते आधी कागदावर मांड.

पिल्लं यायच्या आधी एक वजनकाटा आणि एक वही आण. रोजचं खाद्य, रोजची मरतूक आणि दर आठवड्याचं वजन लिही, आणि पहिल्या आठवड्याचं वजन घेतलंस की लगेच मला फोन कर.